जल-सोडियम असंतुलन, मस्तिष्क शस्त्रक्रियोत्तर (मुलांमधील)

मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही तासांत वा दिवसांत शरीरातील पाणी आणि सोडियम यांचे परस्परप्रमाण बिघडण्याच्या अवस्थेस मस्तिष्क शस्त्रक्रियोत्तर जल-सोडियम असंतुलन म्हणतात. रक्तद्रवातील सोडियमाची प्राकृत पातळी दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. ती १३५ च्या खाली गेल्यास न्यूनसोडियमरक्तता आणि १४५ च्या वर गेल्यास अतिसोडियमरक्तता झाली असे म्हणतात. या असंतुलनामागे मुख्यतः तीन विकार असतात : (१) उदकमेह, (२) प्रतिमूत्रल हॉर्मोनाचा अनुचित स्राव आणि (३) मस्तिष्कजन्य लवणक्षय. पहिल्यात सोडियमाची पातळी वाढते, तर उरलेल्या दोहोंत ती घटते. दुसरा व तिसरा विकार रक्तपरीक्षेत सारखेच दिसतात. परंतु एकात पाणी कमी द्यावे लागते आणि दुसऱ्यात पाणी व मीठ दोन्ही भरून काढावी लागतात. त्यामुळे केवळ सोडियमाच्या आकड्यावरून केलेला उपचार उलटा पडू शकतो. शस्त्रक्रिया यशस्वी झालेले मूल या कारणाने दगावू शकते किंवा त्याच्या मेंदूस कायमची इजा होऊ शकते. वेळीच ओळखल्यास मात्र हे विकार बहुधा आटोक्यात येतात. त्यांतील काहींचा धोका मूल रुग्णालयातून घरी गेल्यावरही टिकून असल्याने, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या गावांच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे.

शारीरक्रियात्मक पार्श्वभूमी : नवजात अर्भकाच्या वजनाचा सु. तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. पुढे हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सोडियम हा कोशिकांबाहेरील द्रवातील प्रमुख आयन आहे. कोशिकांच्या पटलातून पाणी सहज आरपार जाते. सोडियम मात्र पंपासारख्या यंत्रणेमुळे बाहेरच राखले जाते. रक्तातील सोडियमाची पातळी घसरली की तर्षणाच्या नियमानुसार पाणी कोशिकांत शिरते व त्या फुगतात. पातळी वाढली की पाणी बाहेर येऊन त्या आकसतात. इतर अवयवांना फुगण्यास थोडीफार जागा असते. मेंदू मात्र कवटीत बंदिस्त असतो. मुलाच्या मेंदूची वाढ कवटीच्या वाढीपेक्षा लवकर पूर्ण होत असल्याने त्याच्याभोवतीची मोकळी जागा प्रौढांच्या मानाने कमी असते. त्यातच शस्त्रक्रियेमुळे सूज आलेली असली, तर सोडियमाची थोडी घसरणही धोकादायक ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. रक्तातील सोडियमाची पातळी हे शरीरातील मिठाच्या एकूण साठ्याचे माप नसून मीठ व पाणी यांच्या गुणोत्तराचे माप आहे. मीठ तेवढेच राहून पाणी वाढले, तरी पातळी घसरते. मीठ व पाणी दोन्ही घटली आणि त्यांत मीठ अधिक घटले, तरीही ती घसरते.

पाण्याचे नियमन मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसाकडून होते. रक्ताच्या तर्षण दाबातील सूक्ष्म बदल टिपणारे ग्राहक तेथे असल्याचे इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक व्हर्नी यांनी १९४७ मध्ये मांडले. दाब वाढला की तहान लागते आणि व्हॅसोप्रेसीन हे प्रतिमूत्रल हॉर्मोन स्रवते. हे हॉर्मोन अधोथॅलॅमसात तयार होते, पोष ग्रंथीच्या देठातील तंत्रिका तंतूंतून खाली उतरते आणि त्या ग्रंथीच्या पश्च खंडात साठविले जाते. त्याच्या प्रभावाने वृक्कातील (मूत्रपिंडातील) संग्राहक नलिका पाणी पुन्हा शोषून घेतात व मूत्र संहत होते. हॉर्मोन नसेल, तर पाण्यासारखे फिके मूत्र मोठ्या प्रमाणात वाहून जाते.

कारणे : मुलांतील क्रॅनिओफॅरिंजिओमा हे अर्बुद पोष ग्रंथीचा देठ व अधोथॅलॅमस यांच्या लगत वाढते. ते काढताना देठास ताण वा इजा पोहोचण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य मुलांना उदकमेह होतो. शस्त्रक्रिया या भागापासून दूर झाली असली, तरीही असंतुलन संभवते. वेदना, मळमळ, उलट्या, भूल व काही वेदनाशामक औषधे यांमुळे व्हॅसोप्रेसिनाचा स्राव वाढतो आणि दिलेले पाणी शरीरात साठून राहते. आकडी येऊ नये म्हणून दिले जाणारे कार्बामाझेपीन सोडियमाची पातळी उतरवू शकते. सूज कमी करण्यासाठी दिलेल्या मॅनिटॉलाने लघवी वाढते. मेंदूच्या पोकळीत नळी बसवून मस्तिष्क-मेरुद्रव बाहेर काढला जात असल्यास त्याबरोबर सोडियमही जाते. पोष ग्रंथीस इजा झाल्यास अधिवृक्क ग्रंथीस मिळणारी चेतना खंडित होऊन कॉर्टिसोल कमी पडते व त्यामुळेही सोडियम घसरते. भारतात आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ झालेल्या मुलांत पुष्कळदा जलशीर्ष होते व साचलेला द्रव पोटात वळविणारी नळी शस्त्रक्रियेने बसवावी लागते. अशा मुलांत मूळ रोगामुळेच न्यूनसोडियमरक्तता वारंवार आढळते.

इतिहास : पोष ग्रंथीच्या पश्च खंडाच्या अर्काने उदकमेहातील लघवी कमी होते, हे १९१३ मध्ये जर्मनीत फॉन देन व्हेल्डेन यांनी व इटलीत फारिनी यांनी दाखवून दिले. १९५० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ द्यू व्हीन्यो यांनी व्हॅसोप्रेसिनाची संरचना निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयार केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यूनसोडियमरक्ततेचा इतिहास वादाचा आहे. अमेरिकेतील पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मेंदूच्या विकारात मूत्रावाटे मीठ वाहून जात असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. १९५४ मध्ये कोर्ट यांच्या लेखामुळे ‘मस्तिष्कजन्य लवणक्षय’ ही संज्ञा परिचित झाली. १९५७ मध्ये श्वार्ट्झ, बार्टर आदींनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत प्रतिमूत्रल हॉर्मोनाच्या अनुचित स्रावाचे वर्णन केल्यावर मेंदूच्या रुग्णांतील न्यूनसोडियमरक्ततेचाही उलगडा याच कल्पनेने होऊ लागला. लवणक्षयाची कल्पना मागे पडली व पाणी तोडणे हा सरसकट उपचार ठरला. नेदर्लंड्समध्ये वेइडिक्स व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मेंदूतील रोहिणीविस्फार फुटलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा पाणी तोडलेल्यांत मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका अधिक असल्याचे दिसले.

या प्रश्नावर भारतात महत्त्वाचे काम झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये देशातील मस्तिष्क शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला होता. त्याच विभागातील शिवकुमार, राजशेखर व मॅथ्यू चँडी यांनी १९९४ मध्ये न्यूनसोडियमरक्तता असून मूत्रावाटे सोडियम जात असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा रुग्णांत रक्ताचे आकारमान घटलेले असते आणि द्रव व मीठ दिल्याने ते सुधारतात, असे त्यात आढळले. १९९७ मध्ये याच विभागाने मध्यवर्ती नीलेतील दाब मोजून उपचाराची दिशा ठरविण्याची पद्धती पडताळून पाहिली. लवणक्षय हा स्वतंत्र विकार कितपत वारंवार आढळतो, याविषयी तज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. तथापि रुग्णाचे द्रवमान तपासल्याशिवाय पाणी तोडू नये, हे तत्त्व सर्वमान्य झाले आहे.

प्रकार व लक्षणे : (१) उदकमेह : २०२२ पासून यासाठी ‘व्हॅसोप्रेसीन न्यूनता’ हे नाव आंतरराष्ट्रीय संघटनांनी सुचविले आहे, जुन्या नावामुळे मधुमेहाशी होणारा घोटाळा टाळणे हा त्यामागील हेतू आहे. बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत लघवी एकाएकी वाढते. तिचे प्रमाण दर किग्रॅ. वजनास ताशी ४ ते ५ मिलि.हून अधिक झाले, ती फिकी असली आणि रक्तातील सोडियम १४५ च्या वर गेले, तर उदकमेहाचे निदान करतात. याची तीव्रता एका गणिताने कळते. १२ किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या शरीरात सु. ७ लि. पाणी असते. ताशी किग्रॅ.मागे ५ मिलि. या हिशेबाने त्याची लघवी दिवसाला १,४४० मिलि. म्हणजे शरीरातील पाण्याच्या एक-पंचमांश भरते. शुद्धीवर असलेले मोठे मूल तहान लागून पाणी मागते. गुंगीतील मूल वा तान्हे बाळ मागू शकत नाही. त्याची तोंडाची कोरड, चिडचिड, ताप व ग्लानी एवढीच लक्षणे दिसतात.

(२) प्रतिमूत्रल हॉर्मोनाचा अनुचित स्राव : गरज नसताना हॉर्मोन स्रवत राहते, पाणी साठते व सोडियम विरल होते. लघवी कमी व संहत असते. वजन स्थिर राहते वा थोडे वाढते. नाडी व रक्तदाब बहुधा प्राकृत असतात.

(३) मस्तिष्कजन्य लवणक्षय : मूत्रावाटे सोडियम व त्याबरोबर पाणी निघून जाते. लघवी भरपूर असते. वजन घटते, नाडी जलद होते, हातपाय गार पडतात व पुढे रक्तदाब उतरतो.

दुसऱ्या व तिसऱ्या विकारांत डोकेदुखी, मळमळ, उलट्या, सुस्ती, आकडी आणि अखेर बेशुद्धी ही लक्षणे समान असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेची, रक्तस्रावाची वा द्रव वळविणारी नळी तुंबल्याचीही लक्षणे हीच असल्याने सोडियम तपासण्याचे राहून जाण्याचा धोका असतो.

त्रिपदी क्रम : पोष ग्रंथीच्या देठास तीव्र इजा झाल्यास हे विकार काही वेळा एकामागून एक येतात. हा क्रम फिशर, इंग्राम व रॅन्सन यांच्या मांजरांवरील प्रयोगांतून १९३० च्या दशकात स्पष्ट झाला. पहिल्या टप्प्यात हॉर्मोनाचा स्राव थांबून काही दिवस उदकमेह होतो. दुसऱ्या टप्प्यात मरू लागलेल्या तंत्रिका तंतूंतून साठलेले हॉर्मोन अनियंत्रितपणे बाहेर पडते व सोडियम झपाट्याने घसरते. हा टप्पा काही दिवस, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. साठा संपला की तिसऱ्या टप्प्यात कायमचा उदकमेह होतो. पहिल्या टप्प्यासाठी सुरू केलेले औषध व भरपूर पाणी दुसऱ्या टप्प्यातही तसेच चालू राहिले, तर तेच घातक ठरते. लघवी अचानक कमी होणे ही नेहमीच सुधारणेची खूण नसते. काही रुग्णांत पहिला टप्पा दिसतच नाही व आठवडाभराने एकदम न्यूनसोडियमरक्तताच उद्‌भवते.

निदान : शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवांची तासागणिक नोंद हा निदानाचा पाया आहे. तान्ह्या मुलाचे ओले लंगोट तोलून कोरड्या लंगोटाचे वजन वजा करतात, १ ग्रॅ. म्हणजे सु. १ मिलि. लघवी असा हिशेब धरतात. रोज ठराविक वेळी एकाच काट्यावर वजन घेतात. धोक्याच्या काळात सोडियमाची रक्तपरीक्षा दर चार ते सहा तासांनी करतात. पूर्वी यासाठी ज्योत प्रकाशमापक वापरीत. आता आयन-निवडक विद्युत् अग्र असलेल्या यंत्राने काही मिनिटांत पातळी कळते. याशिवाय रक्त व मूत्र यांची तर्षणता, मूत्रातील सोडियम, रक्तातील शर्करा व कॉर्टिसोल तपासतात. अनुचित स्राव व लवणक्षय या दोहोंत मूत्रातील सोडियम वाढलेले असल्याने त्या परीक्षेवरून दोहोंतील भेद कळत नाही. तो कळतो वजन, नाडी, रक्तदाब व द्रवांचा जमाखर्च यांवरून.

प्रतिबंध व उपचार : मुलांना नीलेतून द्यावयाच्या द्रवाचे प्रमाण ठरविण्याचे सूत्र हॉलिडे व सेगर यांनी १९५७ मध्ये मांडले. पहिल्या १० किग्रॅ. वजनास किग्रॅ.मागे १०० मिलि., पुढील १० किग्रॅ.स ५० मिलि. व त्यापुढे २० मिलि. असे ते दैनिक प्रमाण आहे. या हिशेबाने १५ किग्रॅ.च्या मुलास १,२५० मिलि. द्रव लागतो. या सूत्राबरोबर दर लिटरला सु. ३० मिलिमोल सोडियम असलेले अल्पलवण द्राव जगभर रूढ झाले. निरोगी मुलाचे वृक्क त्यांतील जादा पाणी टाकून देऊ शकते. ज्याच्या रक्तात व्हॅसोप्रेसीन वाढलेले आहे, अशा मुलाचे वृक्क ते टाकू शकत नाही. रुग्णालयातील अशा मुलांच्या मृत्यूंकडे १९९० च्या दशकात लक्ष वेधले गेले आणि रक्ताशी समतर्षणी असलेल्या, म्हणजे लिटरला सु. १४० ते १५४ मिलिमोल सोडियम असलेल्या द्रावांचा पुरस्कार होऊ लागला. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१८ मध्ये सर्वसाधारण आजारी मुलांसाठी तशी शिफारस केली. मस्तिष्क शस्त्रक्रियेचे रुग्ण तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, कारण त्यांच्याबाबत कोणतेही एक ठराविक सूत्र पुरेसे ठरत नाही. केवळ ५ टक्के ग्लुकोजाचा विद्राव मात्र त्यांना चालू द्रव म्हणून देणे धोक्याचे आहे. त्यातील ग्लुकोज शरीरात वापरले गेले की निव्वळ पाणी उरते.

उदकमेहात लघवीवाटे गेलेले पाणी भरून काढतात आणि गरजेप्रमाणे व्हॅसोप्रेसीन नीलेतून किंवा डेस्मोप्रेसीन हे त्याचे दीर्घकाल टिकणारे कृत्रिम रूप देतात. आरंभी औषधाची मात्रा अल्प ठेवतात व पुढील मात्रा लघवी पुन्हा वाढू लागल्यावरच देतात. वाढलेले सोडियम एकदम उतरविल्यास मेंदूस सूज येते. म्हणून ते दिवसाला सु. १० मिलिमोलपेक्षा अधिक उतरू देत नाहीत. अनुचित स्रावात पाणी मर्यादित करतात. लवणक्षयात समतर्षणी वा अधिक संहत लवण विद्राव देऊन तूट भरतात. जरूर तर फ्ल्युड्रोकॉर्टिसोन हे मीठ राखणारे औषध देतात. कॉर्टिसोलाची कमतरता असल्यास हायड्रोकॉर्टिसोन तातडीने द्यावे लागते. कॉर्टिसोलाची उणीव उदकमेह झाकून ठेवते; ती भरून काढल्यावर लघवी एकदम वाढू शकते.

न्यूनसोडियमरक्ततेमुळे आकडी वा बेशुद्धी आल्यास कारण शोधीत बसण्यास अवसर नसतो. अशा वेळी ३ टक्के लवण विद्राव किग्रॅ.मागे ३ ते ५ मिलि. या प्रमाणात थोड्या अवधीत देतात. किग्रॅ.मागे दर १ मिलि.ने सोडियम सु. १ मिलिमोलने चढते व तेवढ्यानेही बहुधा आकडी थांबते. त्यानंतर घाई टाळतात. सोडियम फार काळ कमी राहिल्यावर ते झपाट्याने चढविल्यास मेंदूच्या स्तंभातील तंत्रिका तंतूंची आवरणे नष्ट होण्याचा धोका असतो; म्हणून २४ तासांतील एकूण वाढ सामान्यतः ८ ते १० मिलिमोलपर्यंत मर्यादित ठेवतात.

घरी परतल्यानंतरची काळजी : महाराष्ट्रात मस्तिष्क शस्त्रक्रियेची सोय प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत एकवटलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे ठिकाण नागपूरपासून शंभर किमी.हून अधिक अंतरावर आहे. तेथील वा आसपासच्या खेड्यातील मूल शस्त्रक्रियेनंतर आठवडाभराने घरी परतले, तर त्रिपदी क्रमातील दुसरा टप्पा घरीच येण्याचा संभव असतो. अशा मुलास पुन्हा उलट्या, वाढती सुस्ती वा गोंधळलेपण दिसल्यास अपचन किंवा ऊन लागणे समजून ग्लुकोजाचे ‘सलाईन’ लावण्यापूर्वी सोडियमाची परीक्षा करणे, ही सर्वांत महत्त्वाची दक्षता होय. आकडी आल्यास वा मूल जागे होत नसल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्यास मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते व शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयास कळवावे लागते.

कायमचा उदकमेह झालेल्या मुलाची काळजी दीर्घकाळ घ्यावी लागते. वणीच्या परिसरात उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. तहान शाबूत असलेल्या मुलास पाणी सदैव हाताशी असावे लागते व शाळेत लघवीसाठी जाण्याची मोकळीक लागते. परंतु उन्हाळ्यात सर्वांना दिला जाणारा भरपूर पाणी पिण्याचा सल्ला डेस्मोप्रेसीन घेणाऱ्या मुलास जसाच्या तसा लागू पडत नाही. औषधाचा प्रभाव असेपर्यंत वृक्क जादा पाणी टाकू शकत नाही. म्हणून असे मूल तहानेपुरतेच पाणी पिते आणि पुढील मात्रेपूर्वी एकदा मोकळी लघवी होऊ देतात. अधोथॅलॅमसाच्या इजेमुळे तहानच नष्ट झाली असल्यास पाण्याचे दैनिक प्रमाण ठरवून द्यावे लागते व रोजचे वजन हाच त्याचा मार्गदर्शक असतो. नाकात फवारण्याच्या डेस्मोप्रेसिनाचे काही प्रकार शीतपेटीत ठेवावे लागतात. गोळ्यांना तशी गरज नसते. वीज खंडित होणाऱ्या गावी हा फरक विचारात घ्यावा लागतो. नारळपाण्यात सोडियम कमी असल्याने लवणक्षयातील तूट त्याने भरून निघत नाही. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या मुलास ताप वा उलट्या झाल्यास ते थांबविता येत नाही. उलट वैद्याने आधी सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते.

यासाठी घरी जाताना दिलेल्या कागदावर शस्त्रक्रियेचे नाव व दिनांक, निघतानाचे वजन, शेवटची सोडियम पातळी, झालेल्या असंतुलनाचा प्रकार, चालू औषधे व पुढील रक्तपरीक्षेचा दिवस ही माहिती मराठीत असणे उपयुक्त ठरते. तेवढ्या माहितीवर गावातील वैद्य नव्या वजनाची जुन्याशी तुलना करून पाणी साठले की घटले याचा अंदाज बांधू शकतो. आणि पाणी तोडावे की द्यावे, या निर्णयाची दिशा त्यावरूनच ठरते.